पाद्रीबाईचं दान

बॉस्टनकडच्या हॅडनबरो गावची मंडळी मोठी दानशूर होती. गावातल्या कुणालाही विचारा, तो स्वतःच सांगेल. दरवर्षी जानेवारीत बर्फ नीट बसून घसरगाड्या चालायला लागल्या, की एका संध्याकाळी चर्चची अख्खी मंडळी पाद्र्याच्या घरी दान घेऊन जायची. प्रत्येकाने काहीतरी न्यायचं, पाद्र्याने आभार मानायचे, पाद्रीबाईने आलेल्या सगळ्यांना जेवू घालायचं, आणि दुसऱ्या दिवशी चर्चच्या पंचांनी त्या दानाची किंमत ठरवून ती पाद्र्याच्या पगारातून कापून घ्यायची. आवळा देऊन कोहळा काढणारे लोक जगात पुष्कळ आहेत. पण कोहळा काढल्यावर वर प्रार्थनाही करून घेणारे मी हॅडनबरोतच पाहिले.

लोविना पेक ही त्या पाद्र्याची बायको. आजवरच्या दानांचं फळ तिच्या कोठीच्या खोलीत पोत्यांनी पडलेलं होतं: सुकवलेल्या सफरचंदाच्या फोडी. हॅडनबरोत ज्याच्या त्याच्या परसात सफरचंदाचं झाड. घरात खाऊन उरतं, डुकरांना घालून उरतं, ते देवाच्या माणसाला. शिवाय पाद्री, म्हणजे रेव्हरंड असाहेल पेक, प्रवचनं लिहितात म्हणून मंडळीतल्या मुली त्यांना टाक पुसायला लोकरीची नक्षीदार फडकी विणून आणत. पाद्र्यापाशी टाक एक आणि टाकपुसणी ढीगभर. पांघरुणं मात्र कुणी विणून आणली नाहीत, कारण पांघरूण विणायला वेळ लागतो.

यंदा लोविनाला एकच वस्तू हवी होती, खोली तापवायची धुराड्याची बिडाची शेगडी. झोपायची खोली वरच्या मजल्यावर होती आणि तिथे विस्तव नव्हता. मागच्या थंडीत त्याच खोलीत तिचा तान्हा मुलगा खोकून खोकून गेला. त्यानंतर तिने अंथरूण उचलून खाली स्वयंपाकघरात चुलीपाशी आणलं होतं. चार दिवस झाले नाहीत तोच पंच गिडिंग्जची बायको भल्या सकाळी लोणच्याची बरणी परत मागायला आली, आणि पाद्री चुलीशेजारी पांघरूण घेऊन झोपलेला तिने पाहिला. गावभर बोभाटा झाला. पंच बसले. पाळक गिरणीतल्या मजुरासारखा चुलीपाशी लोळायला लागला तर मंडळीची अब्रू ती काय राहिली, असं ठरलं, आणि असाहेलने मान डोलावली. मान डोलावण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. अंथरूण पुन्हा वर गेलं. मुलगी मर्सी आता दोन वर्षांची होती आणि हिवाळा लागल्यापासून तिच्याही छातीत घरघर सुरू झाली होती. ती घरघर लोविनाच्या ओळखीची होती.

शेगडी गावात नव्हती असं नाही. गिरणीमालक हेझन ट्रस्क यांच्या गाडीखान्यात एक चांगली धडधाकट शेगडी पडून होती. कापसाची गिरणी ट्रस्कांची, गिरणीतल्या मुली राहायच्या ती घरं ट्रस्कांची, त्या मुली जिथे खर्च करायच्या ते दुकान ट्रस्कांचं, आणि चर्चमधला गादी घातलेला पहिला बाकही त्यांचाच. घरात खोलीखोलीत नव्या शेगड्या आल्यावर जुनी गाडीखान्यात गेली, आणि तिच्यावर कोंबड्या बसायला लागल्या. पानगळीच्या दिवसांत लोविनाने मनाचा हिय्या करून ट्रस्कबाईंपाशी शब्द टाकला.

"बघू हं," ट्रस्कबाई म्हणाल्या. "जानेवारी काही लांब नाही. आमच्या ह्यांच्या मनात तुमच्यासाठी काहीतरी आहे. सांगायचं नाही असं ठरलंय, पण एवढं सांगते, धातूचं आहे."

धातूचं! लोविनाने घरी येऊन धुराड्याचं भोक कुठे पाडायचं ते भिंतीवर खडूने आखून ठेवलं.

दानाच्या संध्याकाळी घर माणसांनी फुलून गेलं. बैठकीच्या खोलीत पोरंपोरी चुंबनाच्या पैजा लावून खेळत होती. तेवढ्यात घरातली एक खुर्ची मोडली. जेवणघरात मोठी माणसं मार्चपर्यंत पुरवायचं म्हणून राखलेलं हॅम संपवत होती. कोठीत सफरचंदांची नवी पोती जुन्या पोत्यांवर जाऊन पडत होती.

"पाद्रीबाई, यंदा हॅम जरा खारट झालंय हं," तिसरा तुकडा ताटात ओढून घेत पंच गिडिंग्ज म्हणाले.

"हो का? मग बेताने घ्या."

"छे छे, अन्नाला नावं ठेवू नयेत," असं म्हणून त्यांनी चौथा घेतला.

आत स्वयंपाकघरात झिल्पा भांडी घासत होती. झिल्पा ही गावातली परटीण, बड्या घरांचे कपडे धुऊन इस्त्री करून पोचवणारी. ती काळी होती. तिच्या आजीला याच गावात कुणीतरी विकत आणलं होतं, ही गोष्ट गाव सोयीने विसरलं होतं. आता हॅडनबरोत गुलाम कुणी नव्हतं; फक्त काळ्यांनी चर्चमध्ये वरच्या सज्जात, जिन्यामागच्या बाकावर बसायचं होतं. असाहेल वर्षातून दोनदा दक्षिणेतल्या राज्यांमधल्या गुलामांवर कळवळून बोले. ट्रस्कसाहेब पहिल्या बाकावर डोळ्यांना रुमाल लावत. त्यांच्या गिरणीतला कापूस त्याच दक्षिणेतून यायचा, आणि तो रुमालही त्या कापसाचाच असायचा. झिल्पा वरून ते बघे, आणि सोमवारी तो रुमाल धुई. दानाच्या संध्याकाळी झिल्पाचं दान म्हणजे तिचे दोन हात, असंही मंडळीने तिला न विचारता ठरवून टाकलेलं होतं.

"बाई, पिठाचं पिंप तळाला लागलं," झिल्पा म्हणाली. "आणखी बिस्किटं करायची असतील तर आता पिंपात उतरावं लागेल."

"ट्रस्क यायचेत अजून."

"त्यांच्यासाठी एवढा जीव पाखडताय?"

"त्यांच्यासाठी नाही गं. शेगडी आणताहेत ते."

झिल्पाने ताट विसळता विसळता तिच्याकडे पाहिलं. "सकाळी कपडे पोचवायला गेले होते मी तिकडे. शेगडीवर कोंबडी बसलेली होती. आज हलायच्या विचारात दिसली नाही."

"संध्याकाळी काढली असेल."

"असेल," झिल्पा म्हणाली, आणि पुढचं ताट घेतलं.

ट्रस्क आले ते सगळ्यांचं खाणं आटोपल्यावर, म्हणजे सगळ्यांना बघता येईल अशा वेळी. मागून गाडीवानाने एक खोका आणला. खोका एका हातात मावत होता. लोविनाला तेव्हाच समजायला हवं होतं, पण आशा मोठी चिवट असते. खोक्यातून मखमल निघाली आणि मखमलीतून चांदीची सुरई निघाली. तिच्या पोटावर 'रेव्हरंड असाहेल पेक यांस' असं बारीक अक्षरांत आणि 'हेझन ट्रस्क यांजकडून' असं ठळक अक्षरांत कोरलेलं होतं.

"म्हटलं, बाकीचे आपले खाण्यापिण्याचं आणतील," ट्रस्कसाहेब म्हणाले. "आपण टिकाऊ वस्तू द्यावी. काय पाद्रीबाई?"

"टिकेल," लोविना म्हणाली. "आम्ही नाही टिकलो तरी ती टिकेल."

सगळे हसले. पाद्रीबाई गमतीशीर बोलतात, असं एकमेकांना म्हणाले. असाहेलने सुरई छातीशी धरून इतके आभार मानले की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खरं होतं, हीच तर त्याची अडचण होती.

दुसऱ्या दिवशी पंच येऊन किंमत ठरवून गेले. सफरचंदं, टाकपुसणी, वाटाण्यांची एक पिशवी सगळं जमेस धरलं गेलं, आणि एकट्या सुरईने दोन महिन्यांचा पगार गिळला. नाकापेक्षा मोती जड. विकावी म्हटलं तर वर ट्रस्कांचं नाव. ती कुणाकडे निघाली तर ट्रस्क पाद्र्यालाच गावातून काढतील. लोविनाने ती वरच्या खोलीत पाण्याला ठेवली. सकाळी पाहिलं तर आतलं पाणी गोठून दगड झालं होतं, आणि पलीकडे मर्सी खोकत होती.

ती खाली आली तेव्हा तिचा चेहरा पाहून असाहेलने चहाचा कप खाली ठेवला.

"गुरुवारी ट्रस्कांकडे दान न्यायचंय," ती म्हणाली.

"कुणी?"

"आपण."

"लोविना, दान पाद्र्याला देतात."

"कुठे लिहिलंय? शास्त्रात असेल तर काढून दाखवा."

असाहेल सरळ माणूस. त्याने खरोखरच शास्त्र उघडलं आणि दुपारच्या जेवणापर्यंत बिचारा शोधत बसला. काही सापडलं नाही. उलट दान घेऊन आलेल्याला दारातून परत लावणं हे गर्वाचं पाप आहे, हा नियम पंचांनीच मागच्या एका पाद्र्याला ऐकवला होता, ते लोविनाला पक्कं ठाऊक होतं. दानाला कुणी कुणाला बोलावत नाही आणि आलेल्याला कुणी नाही म्हणत नाही. ही चाल फक्त पाद्र्याच्या घरापुरती आहे असं कुणी लिहून ठेवायला विसरलं होतं.

लोविनाने सज्जातल्या लोकांना गाठलं. खालच्या बाकांचं भाडं ज्यांना झेपत नाही ते सगळे वर बसायचे: गिरणीत सूत कातणाऱ्या मुली, गाडीवान, एकदोन विधवा, एक लंगडा मोची. दानाच्या संध्याकाळी हे लोक कधी आले नव्हते, कारण रिकाम्या हाताने जायची लाज आणि भरायला हातात काही नाही. लोविनाने प्रत्येकाला सफरचंदांचं एकेक पोतं देऊ केलं. गिरणीतल्या मुली आधी बिचकल्या. पण खुद्द पाद्रीबाई नेताहेत म्हटल्यावर पापही लागायचं नाही आणि कामही जायचं नाही असा त्यांनी हिशेब केला, शिवाय ट्रस्कांचा दिवाणखाना आतून बघायची त्यांना फार हौस होती.

झिल्पाकडे ती शेवटी गेली.

"गुरुवारच कसा बरोबर निवडलात हो?" झिल्पा इस्त्री फिरवत म्हणाली. "त्या दिवशी बॉस्टनचा कापसाचा व्यापारी येतोय त्यांच्याकडे, बायकोला घेऊन. या चादरी त्यांच्याच पाहुण्यांच्या."

"ठाऊक आहे, म्हणूनच. परक्यांसमोर ट्रस्कांना हसतमुखच राहावं लागेल. तू पण ये."

"मी?" झिल्पाने इस्त्री उभी केली. "बाई, त्या घरात माझा जन्म गेला येण्याजाण्यात, पण मागच्या दाराने. पुढचं दार कुठल्या बाजूला उघडतं तेसुद्धा मला माहीत नाही."

"माझ्याबरोबर पुढच्या दाराने ये. माझ्या शेजारी बस. बघू कोण काय म्हणतंय."

"आणि कपडे बंद केले म्हणजे? माझं अर्धं पोट त्या घरावर आहे."

"माझ्याबरोबर आलेलीला कोण बोट लावेल?"

झिल्पा विचारात पडली. तिच्यापाशी जांभळ्या रेशमी फितीची एक टोपी होती, हौसेने घेतलेली. सज्जातल्या अंधारात ती कुणाला दिसत नसे, आणि या गावात दुसरीकडे कुठे घालून जावं अशी जागाही नव्हती.

"येते," ती शेवटी म्हणाली. "त्या माणसाचे सदरे पाहिले, चड्ड्या पाहिल्या. पडलेला चेहरा तेवढा पाहायचा राहिलाय."

गुरुवारी संध्याकाळी ट्रस्कांच्या पुढच्या दाराची घंटा वाजली. मोलकरणीने दार उघडलं तर समोर पाद्रीबाई, कडेवर मर्सी. मागे पाद्री, दोन्ही हातांत पोती, चेहरा फाशी जाणाऱ्यासारखा. आणि त्यांच्या मागे अख्खा सज्जा.

"दान घेऊन आलोय, ट्रस्कसाहेब!" लोविना दिवाणखान्याच्या दारातून मोठ्याने म्हणाली. "दरवेळी तुम्हीच द्यायचं, हे मंडळीला बरं वाटेना."

ट्रस्कसाहेब जेवणाच्या टेबलावरून गळ्यातल्या रुमालासकट उठले. त्यांचं तोंड उघडलं, पण त्यातून काही निघायच्या आत व्यापाऱ्याच्या बायकोने टाळ्या पिटल्या. "अगबाई, किती गोड! खेड्यातली चाल आहे का ही? आमच्या बॉस्टनला असलं काही उरलंच नाही बघा."

"हो," ट्रस्कसाहेब म्हणाले. "चाल आहे. जुनी आहे."

"मग यांना जेवायला घालायचं असतं का?"

"घालायचंच असतं," लोविना म्हणाली. "त्याशिवाय पुण्य लागत नाही."

मग गालिच्यावर सफरचंदांची पोती रचली गेली. पियानोवर टाकपुसणी मांडली गेली. "तुम्ही दिवसभर सह्या करता ना, टाक खराब होत असेल," असं लोविनाने ट्रस्कसाहेबांना समजावून सांगितलं. टर्की आली, बॉस्टनहून पाहुण्यांसाठी मागवलेली कालवं आली, केक आले. सज्जा जेवायला बसला. सूत कातणाऱ्या मुलींनी आधी लाजत खाल्लं, मग न लाजता. मोची कालवं हुंगून बघत होता. एक मुलगी मखमली खुर्चीवर उगाचच बसत होती, उठत होती आणि पुन्हा बसत होती. असाहेलला दोन घास गेल्यावर धीर आला आणि तो व्यापाऱ्याला पुनरुत्थानाविषयी सांगायला लागला. झिल्पा लोविनाच्या शेजारी कोचावर बसली होती, पाठ ताठ, जांभळ्या फिती हनुवटीखाली बांधलेल्या, हातात ट्रस्कांच्या घरचा चिनी मातीचा कप. ट्रस्कसाहेबांच्या चेहऱ्याकडे ती अगदी सावकाश बघत होती. पैसे वसूल झाल्यासारखी.

ट्रस्कसाहेबांनी लोविनाला खिडकीपाशी गाठलं.

"तुम्हाला हवंय काय, पेकबाई?" हसू तसंच ठेवून ते दातांतून म्हणाले.

"आम्हाला? आम्ही द्यायला आलोय. आज सगळ्यांना जमलं नाही हो. राहिलेले पुढच्या गुरुवारी येतील. नदीपलीकडची वस्तीही विचारत होती."

ट्रस्कसाहेबांनी व्यापाऱ्याकडे नजर टाकली. पुढच्या गुरुवारी कापसाचा सौदा पक्का व्हायचा होता.

"शेगडी सकाळी पोचेल."

"कोंबड्यांची गैरसोय होईल."

"पोचेल म्हटलं ना!"

लोविना परत आली ती हवेत तरंगत. मर्सी शेगडीजवळच्या गालिच्यावर झोपून गेली होती, गाल लाल झालेले, छाती शांत. किती दिवसांनी ती न खोकता झोपली होती. लोविनाला ओरडून सगळ्यांना सांगावंसं वाटलं.

तेवढ्यात ट्रस्कबाई शेजारी आल्या आणि तिचा हात मैत्रिणीसारखा हातात घेतला. पलीकडे व्यापाऱ्याच्या बायकोने आपल्या झग्याचा घेर सावरून खुर्ची कोचापासून जरा मागे ओढली होती. ही बाई बॉस्टनला गुलामांच्या मुक्तीसाठी भरणाऱ्या जत्रेत दरवर्षी स्वतः भरतकाम केलेले उशांचे अभ्रे विकायची. जेवताना तिने ते सगळ्यांना सांगितलंही होतं. पण अभ्रे विकणं वेगळं आणि एका कोचाशेजारी बसणं वेगळं.

"झालं ना मनासारखं?" ट्रस्कबाई कानाशी म्हणाल्या. "मग आता माझं एक ऐका. त्या परटिणीला आत पाठवा, स्वयंपाकघरात. पाहुण्यांना कसंतरीच होतंय. मी सांगितलं तर बरं दिसणार नाही. तुम्ही आणलंत, तुम्हीच सांगा. नाहीतर ह्यांचं डोकं फिरलं, तर शेगडीचं माझ्या हाती काही राहायचं नाही."

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. लोविनाने मर्सीकडे पाहिलं. मुलीसाठी केलं, असं ती पुढे स्वतःला सांगत राहिली, आणि ते खोटं नव्हतं. पण ते पुरतं खरंही नव्हतं. गावातल्या पहिल्या बाईने आपला हात हातात घेऊन कानाशी बोलावं, आपल्यातली समजून बोलावं, हे तिला त्या क्षणी गोड लागलं. ज्या लोकांच्या नावाने ती आठवडाभर बोटं मोडत होती, त्यांच्यात बसायला मिळाल्यावर तिला बसावंसं वाटलं.

ती कोचापाशी गेली.

"झिल्पा, आत जरा बघतेस का गं? भांडी फार पडलीत. त्यांची पोरगी एकटीच आहे."

झिल्पाने कप बशीत ठेवला. "भांडी," ती म्हणाली.

"थोडा वेळच."

"तुम्ही पण येताय?"

लोविनाने झोपलेल्या मुलीकडे बोट केलं. "मर्सी उठेल," ती म्हणाली.

झिल्पा उठली. टोपीची गाठ घट्ट केली, लोविनाकडे एकदा पाहिलं, आणि स्वयंपाकघराकडे न वळता दिवाणखान्यातून, गालिच्यावरून, सगळ्यांच्या समोरून चालत पुढच्या दाराने बाहेर गेली. दार तिने सताड उघडं टाकलं. बोचरा वारा आत घुसला आणि पियानोवरची टाकपुसणी खाली उडाली.

"अहो, दार लावा कुणीतरी!" ट्रस्कबाई ओरडल्या.

लोविनानेच जाऊन लावलं.

शेगडी दुसऱ्या दिवशी सकाळी आली. पंचांनी तिची किंमत नव्या शेगडीइतकी धरली आणि पगारातून कापली. त्याचं लोविनाला काही वाटलं नाही. आठवड्याभरात मर्सीच्या छातीतली घरघर थांबली. असाहेलने श्रीमंतांच्या मृदू अंतःकरणावर प्रवचन केलं. ट्रस्कांनी कापसाचा सौदा केला आणि झिल्पाकडचे कपडे बंद केले. इतर दोन बड्या घरांनीही केले, कारण ट्रस्क करतील ते गाव करतं.

झिल्पा कपडे न्यायला पेकांकडेही फिरकली नाही. सोमवार गेला, दुसरा सोमवार गेला, घरात मळक्या कपड्यांचा ढीग झाला. लोविनाने बर्फ वितळवून स्वतः धुवून पाहिलं आणि दोन्ही हात भेगाळून घेतले. शेवटी ती टोपली घेऊन झिल्पाच्या घरी निघाली. कपडे हे निमित्त होतं, असं ती स्वतःला बजावत होती. खरं काम होतं ते माफी मागायचं. वाटेत तिने बोलायचं ते पाठ केलं. त्यात देव पुष्कळ होता, मुलगी पुष्कळ होती, आणि झिल्पा त्या मानाने थोडी होती.

दार वीतभर उघडलं. आतून ऊब आली, तंबाखूचा वास आला, कुणाकुणाचं हसणं ऐकू आलं. लोविनाला वाटलं, आता ती आत या म्हणेल.

"झिल्पा, बोलायला आले होते."

"कपड्यांचं की दुसरं काही?"

लोविना पाठ केलेलं सोडून खाली बघायला लागली. हातातली टोपली जड झाली होती.

"कपड्यांचंही आहे," ती म्हणाली.

झिल्पाने मान हलवली. तेच अपेक्षित असल्यासारखी. "मर्सी कशी आहे?"

"बरी आहे. रात्रभर झोपते."

"ते चांगलं झालं," झिल्पा म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं. "आता धुण्याचा दर वाढलाय, बाई. तीन घरं गेली माझी, ती कुठून तरी भरून निघायला नकोत का?"

"देईन. मागशील तो देईन."

"मग मागच्या दाराने या. कपडे घेऊन येणाऱ्यांना तेच दार आहे."

आणि दार लागलं.

लोविना तिथेच उभी राहिली. घराच्या मागे जायची वाट कुणी साफ केलेली नव्हती. गुडघाभर बर्फ साचलेला होता. समोरच्या घराच्या खिडकीतून गिरणीतल्या दोन मुली बघत होत्या, त्यातली एक त्या गुरुवारी मखमली खुर्चीवर उठत-बसत होती तीच. परत जाणं सोपं होतं. पाद्रीबाई होती ती. तिला परटीण हवी असती तर शेजारच्या गावातून आणता आली असती.

तिने घेर वर खोचला, टोपली कमरेवर घेतली आणि बर्फात पाय घातला. घराला वळसा घालून ती मागच्या दाराशी पोचली तेव्हा तिचे मोजे चिंब झाले होते. दार बंद होतं. तिने ते ठोठावलं, आणि आतून उघडायची वाट बघत थंडीत उभी राहिली.